दूध गुलाबी झालं म्हणजे पोवळं खरं नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या लग्नसराईच्या पुरवणीत दागिने घेताना काय काय बघावं यावर पानभर मजकूर आला होता. सोन्याबद्दलचं सगळं नीट लिहिलं होतं. पोवळ्याच्या चौकटीत मात्र असं छापलं होतं की पोवळं रात्रभर वाटीभर दुधात ठेवावं आणि सकाळी दूध गुलाबी झालं तर ते खरं समजावं. ते वाचून मी हातातली सुई खाली ठेवली. ही परीक्षा उलटी आहे. खऱ्या पोवळ्याचा रंग त्याच्या अंगातलाच असतो. समुद्राच्या तळाशी ते वाढतं तेव्हा चुनखडीच्या प्रत्येक थरासोबत रंगही मुरत जातो. तो दुधात उतरत नाही. दूध गुलाबी झालं तर समजावं की पांढऱ्या किंवा फिक्या मण्याला वरून रंग पाजलेला आहे. आणि काचेचा मणी असेल तर दूध पांढरंच राहील, म्हणजे घरच्या माणसांना काहीच कळणार नाही. चूक दुरुस्त करून छापावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, पण लिहायला बसल्यावर मनात साठलेलं बरंच काही वर आलं.

मी कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागच्या बोळात दागिने गाठवून देते. या कामाला 27 वर्षं झाली. मामंजींकडून शिकले. मंगळसूत्र, ठुशी, बोरमाळ, मोत्यांचे सर, जे तुटेल ते आमच्याकडे येतं. सराफ सोनं बघतो. आमच्या हातून मात्र एकेक मणी जातो, त्यामुळे कुठला मणी काय आहे हे बोटांना आधी कळतं.

गेल्या महिन्यात शिरोळकडच्या एक वहिनी पोवळ्यांची माळ घेऊन आल्या. मुलीच्या लग्नासाठी नवी घेतलेली, 54 मणी. मध्ये सोन्याचे मणी घालून गाठवायची होती. बिल सोबत होतं. त्यावर सोन्याचं वजन, मजुरी, कर असं सगळं वेगवेगळं होतं आणि खाली एका ओळीत ‘पोवळे माळ’ आणि 28 हजार रुपये. मी दोरा सोडला, मणी पांढऱ्या कापडावर पसरले आणि तिथेच मन खट्टू झालं. 54 मण्यांचा रंग अगदी एकसारखा, जणू एकाच भांड्यातून ओतलेला. खऱ्या माळेत असं होत नाही. जुळवाजुळव कितीही केली तरी एखादा मणी थोडा गडद, एखाद्यावर फिकी झाक, कुठे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, असं असतंच.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. खऱ्या पोवळ्यावर अगदी बारीक समांतर रेघा दिसतात. आपल्या अंगठ्याच्या नखावर उजेडात उभ्या रेघा दिसतात ना, तशाच, पण त्याहून बारीक. फांदी ज्या दिशेने वाढली त्या दिशेने त्या जातात, आणि मण्याच्या गोलाईवर कुठे सरळ तर कुठे लाकडाच्या गाठीसारख्या वळलेल्या दिसतात. या माळेतल्या एकाही मण्यावर रेघ नव्हती. त्याऐवजी भोकाभोवती साखरेच्या पाकाला पीळ पडावा तशी वळणं होती, कारण काचमणी करताना वितळलेली काच तारेवर गुंडाळतात. तीन मण्यांत गोल बुडबुडे दिसले. एका मण्याचा भोकाशी टवका उडाला होता. तो शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत आणि चकचकीत. पोवळ्याचा टवका असा चमकत नाही. तो खडूच्या तुकड्यासारखा मंद दिसतो.

तरी खात्री करावी म्हणून भोक मोठं करायची बारीक कानस एका मण्याच्या आत फिरवली. पोवळं मऊ असतं, पोलादाने सहज खरवडतं, कानशीला पांढरट भुकटी लागते. इथे कानस नुसती घसरली आणि कर्र असा आवाज आला. वहिनी समोर बसल्या होत्या. त्यांनी तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही.

त्या लगेच पेढीवर गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा हातात तीच माळ. तिथल्या माणसाने सांगितलं, “घरी दुधात टाकून बघा.” मग, “आमच्या दागिन्यावर हॉलमार्क आहे, शंका कशाला?” शेवटी, “हे मालवणचं पोवळं आहे, ते असंच गुळगुळीत असतं.” मी पेढीचं नाव लिहीत नाही. पण या तिन्ही उत्तरांबद्दल मला लिहायचं आहे, कारण ती मी फक्त त्याच दुकानातून ऐकलेली नाहीत.

दुधाचं वर सांगितलंच. हॉलमार्क सोन्याचा असतो. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याचे बहुतेक दागिने सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत, हे फार चांगलं झालं. पण तो क्रमांक फक्त सोन्याच्या शुद्धतेच्या तपासणीचा असतो. त्याच दागिन्यात बसवलेला खडा, मोती किंवा पोवळं खरं की खोटं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहा बायकांपैकी आठ जणींना हे ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसण्यावरच हा व्यवहार चालतो.

मालवणचं म्हणाल तर तिथल्या समुद्रात प्रवाळ आहे, पण ते खडकासारखं पसरणारं, सच्छिद्र. त्याचे दागिने होत नाहीत, आणि ते काढणं हा गुन्हाही आहे. 2001 पासून आपल्याकडची ही समुद्री प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दागिन्याचं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं, आणि जपान-तैवानच्या बाजूने. इटलीत नेपल्सजवळ तोरे देल ग्रेको नावाचं गाव पिढ्यान्‌पिढ्या पोवळं घडवण्यावर जगतं. ते वाढतंही फार हळू. वर्षाला फांदीची जाडी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. म्हणून मोठा मणी महाग, आणि म्हणूनच नकलेचा मोह.

ही ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिन्यात घ्यायच्या रत्नांमध्ये प्रवाळ आहे. पहिल्या शतकातल्या रोमच्या प्लिनी नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की रोममध्ये हिंदुस्थानी मोत्यांना जी किंमत, तीच हिंदुस्थानात पोवळ्याला. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे आणि बदल्यात हिरे मागवायचे. हिऱ्याच्या बदल्यात पोवळं! आजीच्या मंगळसूत्रातले ते लाल ठिपके इतक्या लांबून आलेले असतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ एकच मणी हातात घेऊन बसले होते.

उलटा गैरसमजही मला रोज भेटतो आणि त्याने जास्त वाईट वाटतं. कुणी जुनं मंगळसूत्र गाठवायला आणतं. पोवळ्याचा रंग फिका पडलेला, चमक गेलेली, शेजारच्या मण्याला घासून कडा सपाट झालेल्या. “ताई, ही खोटी दिसतात, काढून टाका आणि नवी लाल घाला,” असं म्हणतात. अहो, ती झिजली आहेत म्हणूनच ती खरी असण्याची शक्यता जास्त. काच अशी झिजत नाही, चाळीस वर्षं गळ्यात राहिली तरी जवळजवळ तशीच चकाकते. पोवळं म्हणजे चुनखडी. आपला घाम, अत्तर, लिंबाचा हात, सगळं त्याला लागतं. आणि सगळ्यात मोठा घात चिंचेचा. सोनं उजळावं म्हणून मंगळसूत्र चिंचेच्या कोळात भिजवायची पद्धत अनेक घरांत आहे. सोन्याला काही होत नाही, पण पोवळ्याची झिलई एका रात्रीत जाते. कागलच्या एका सासूबाईंनी सुनेच्या मंगळसूत्राचं असं केलं आणि सकाळी बघतात तर पोवळी विटकी आणि खरखरीत झालेली. सुनेला वाटलं माहेरच्यांनी खोटा माल दिला, सासूबाईंना वाटलं सराफाने फसवलं. त्यात खोटं कुणीच नव्हतं. पोवळं आंबटाने खाल्लं, काच असती तर तसं झालं नसतं. ते दोघींना समजावायला मला अर्धा तास लागला. त्यापेक्षा ओल्या मऊ फडक्याने पुसलेलं पुरतं.

यावरून कुणाला वाटेल की घरी लिंबाचा थेंब टाकून बघावा. कृपा करून करू नका. खऱ्यावर भिंगाखाली बारीक बुडबुडे येतात हे खरं, पण तिथे कायमचा डाग राहतो. शिवाय शिंपला, संगमरवर आणि रंगवलेलं हलकं पोवळंसुद्धा तसंच फसफसतं. म्हणजे त्या थेंबाने काच आणि प्लास्टिक वेगळं पडेल, बाकीची नक्कल नाही. वजनावरही जाऊ नका. प्लास्टिक हाताला हलकं लागतं, पण साध्या काचेचं आणि पोवळ्याचं वजन इतकं जवळ आहे की हाताला फरक कळत नाही. रंग पाजलेल्या मण्यासाठी नेलपॉलिश पुसायच्या द्रवात कापूस बुडवून भोकाच्या आतल्या कडेला हलकेच फिरवला तर कापूस लाल होतो. मी ते करते, पण गिऱ्हाइकाला विचारून आणि एकाच मण्यावर. शेवटचा शब्द मात्र प्रयोगशाळेचाच. मुंबईत, जयपूरला रत्नं तपासून लेखी दाखला मिळतो. हजारोंची माळ घेताना तो मागण्यात लाजायचं काही कारण नाही.

माझा काचेवर राग नाही, हे मुद्दाम सांगते. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचेच असतात. त्यांना कुणी हलकं समजत नाही, कारण त्यांना काच म्हणूनच विकलं जातं. बनारसचे, फिरोजाबादचे कारागीर भट्टीसमोर बसून ती काच घडवतात. लाल काचेची माळ दोनशे रुपयांना काच म्हणून घेतली तर ती हौसेने घालावी. तोच मणी बिलावर ‘पोवळे’ होऊन 28 हजारांना गेला की मग एका आईच्या दोन वर्षांच्या भिशीचे पैसे जातात. वहिनींचे तसेच गेले.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत सराफ बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे. बिलावर नुसतं ‘पोवळे’ लिहू नका. नैसर्गिक, रंगवलेलं, भुकटी दाबून केलेलं की काच, ते लिहा, मणी किती आणि वजन किती तेही लिहा. तुमच्यातले कितीतरी जण हे आधीपासून करतात, त्यांचा माल माझ्या हातून गेला आहे आणि तो सोन्यासारखा होता. घेणाऱ्यांनी ही ओळ लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लिहून दिलेलं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढे हातात काहीतरी पुरावा राहतो.

वहिनींकडे बिल आहे, त्यावर ‘पोवळे’ लिहिलेलं आहे, आणि तक्रारीचा अर्ज माझ्या मुलाने त्यांना भरून दिला आहे. माळ पुराव्यासाठी तशीच पिशवीत ठेवायला सांगितली. लग्न मात्र थांबणार नव्हतं. मुहूर्ताच्या चार दिवस आधी त्या पुन्हा आल्या, गळ्यातलं स्वतःचं मंगळसूत्र काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “यातली दोन काढून पोरीच्यात घाला.” त्यांच्या आईने दिलेली पोवळी होती. एका बाजूने सपाट झालेली, फिकट, भिंगाखाली रेघा स्पष्ट. मी ती वाट्यांच्या दोन्ही अंगांना एकेक ओवली आणि रेशमाची गाठ मारून दिली.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर