युरोप ट्रिप : व्हिसाचे कागद या रविवारपर्यंत

सगळ्यांनी प्लीज नीट वाचा. मे मधल्या ट्रिपचा शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश फिरता येतात तो) आपण स्वित्झर्लंडचा करतोय, कारण मुक्कामाच्या रात्री तिथे जास्त आहेत, पॅरिसला दोनच, त्यामुळे कोणी परस्पर फ्रान्सचा फॉर्म भरू नका. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण सुट्ट्यांच्या सीझनला मुंबईत अपॉइंटमेंट मिळायची मारामार असते म्हणून मी मागे लागलेय.

पासपोर्ट आत्ता कपाटातून काढून बघा. परत आल्यावर पुढे किमान तीन महिने व्हॅलिड हवा, दोन पानं कोरी हवीत. बँक स्टेटमेंट शिक्क्यासकट आणा, व्हिसासाठी म्हणून खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका, लगेच डोळ्यावर येतं. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोंचा लागतो, तो ग्रुपचा एकत्र काढू. व्हिसा फी मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, नाकारला तर परत मिळत नाही.

आणि हो, मेंदी! माझ्या जाऊबाई भाच्याच्या लग्नानंतर चारच दिवसांनी व्हिसाच्या अपॉइंटमेंटला गेल्या, बोटांच्या टोकांना गडद मेंदी, मशीन ठसे घेईना, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या, तशाच परत. फार वाईट वाटलं. तर अपॉइंटमेंटपर्यंत बोटांना मेंदी नको.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, नवीनच काढा, आधारवरचा चालणार नाही. रविवारी संध्याकाळी पाचला माझ्याकडे या, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन, फॉर्म एकत्र बसून भरू.