आजीच्या तारणाबद्दल

प्रिय आई, बाबा,

सप्रेम सलाम.

परवा फोनवर आजीचा विषय निघाला, ख्रिस्ती न होताच ती गेली, मग तिच्या आत्म्याचं तारण झालं असेल का, आणि आई गप्प झाली आणि मी घाईघाईने दुसरंच काहीतरी बोलू लागले. चुकलं माझं. फोनवर जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमच्या पवित्र शास्त्रात योहान १४:६ खाली तांबड्या पेन्सिलीची रेघ आहे. इतकी दाबून ओढलेली की पानाच्या मागे उमटली आहे. त्या वचनातला एक शब्दही मला खोडायचा नाही. पित्याकडे जायचं ते येशूच्याच द्वारे. पण दार एकच आहे म्हणणं वेगळं, आणि आत जाणाऱ्याला दाराचं नाव ठाऊक असलंच पाहिजे म्हणणं वेगळं. बायबलमधल्या कर्नेल्याचंच बघा, तो यहुदी नसलेला रोमी शताधिपती. पुढे येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी गेला, बाप्तिस्मा झाला, सगळं मान्य. पण त्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापुढे पोचले, ते पेत्र दारात उभा राहण्याआधी.

‘मंडळीबाहेर तारण नाही’, म्हणजे चर्चबाहेर नाही, हे तुम्ही नेहमी म्हणता. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ते लिहिलं, तेव्हा वाद होता मंडळीतून फुटून गेलेल्यांच्या बाप्तिस्म्याचा. पुढे १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने तेच यहुदी आणि इतर धर्मीयांनाही लावलं, हेही खरं. आणि त्याच रोमन कॅथलिक मंडळीने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

तुम्ही म्हणाल, ते कॅथलिकांचं. मग आपल्या बाजूचे, प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्ली घ्या. १५३१ मध्ये त्यांनी लिहिलं की स्वर्गात सॉक्रेटिस भेटेल, येशूच्या आधीचा ग्रीक तत्त्वज्ञ. यादीत ग्रीक पुराणातला हर्क्युलिससुद्धा होता! ल्यूथर भयंकर संतापले. म्हणजे हा वाद आपल्याच घरातला आहे, आणि जुना आहे.

कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर अशा, येशूला न ओळखताही त्याच्या कृपेत असलेल्या लोकांना ‘अनामिक ख्रिस्ती’ म्हणत. मला ते पटत नाही. आजीला कुणी असं म्हटलं असतं तर तिने त्याला उठवून लावलं असतं.

आता अवघड भाग. आजीला सुवार्ता ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही. लेक, जावई, सगळे ख्रिस्ती. पण तिच्या कानावर काय पडलं, बाबा? मी तेव्हा लहान होते, तरी आठवतं. तुम्ही नरकाबद्दल बोलत होतात आणि ती माझी वेणी घालत होती. तिचे हात थांबले. मग तिने वेणी पूर्ण केली, रिबन बांधली आणि उठून आत गेली. तिने त्या दिवशी नाकारलं ते येशूला की आपल्या बोलण्याला, हे मी ठरवू शकत नाही. तुम्हीही ठरवू नका.

ती तरलीच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. सगळे मार्ग सारखेच, हेही मला मान्य नाही. पण तिचा न्याय करणारा तोच आहे ज्याने शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं.

आई, तू विचारलं होतंस की आजीसाठी प्रार्थना केली तर चालेल का. आपल्याकडे मेलेल्यांसाठी करत नाहीत, मला माहीत आहे. बाबा, तरी तिला करू द्या.

तुमची,
लेक