आमच्या बाबांच्या बुखारीसाठी धावून आलेल्या वेल्डिंगवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार. तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जाऊ द्या हो ताई" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिले.

बाबा फौजेत होते, पहाडात पोस्टिंग असताना बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करायच्या लाकडाच्या लोखंडी शेगडीजवळ, झोपायची सवय, आता गुडघे धरले तर थंडी पडली की तेच, बुखारी पाहिजे. नागपुरात कशाला म्हणणाऱ्यांनी 29 डिसेंबर 2018 आठवावा, पारा 3.5 अंशांवर आला होता. यंदा शेवटी मागवलीच. जो माणूस बसवायला आला त्यानं पाइप खिडकीतून आडवा काढला, दोन एल्बो म्हणजे वळणाचे तुकडे, बाहेर हातभर तुकडा, झालं म्हणे. पहिल्याच संध्याकाळी सगळा धूर खोलीत, आई खोकून खोकून बेजार, आणि बाबा म्हणतात खिडक्या लावा, ऊब जाते.

रात्री साडेआठला तुम्हाला फोन केला, तुम्ही ताटावरून उठून आले. आल्या आल्या निखारे घमेल्यात काढून अंगणात ठेवले, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाले, धूर दिसतो म्हणून माणूस पळतो तरी, पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपलेला उठतच नाही. मला खरंच माहीत नव्हतं हो. त्या रात्री आम्ही खिडक्या लावून झोपणार होतो.

मग रविवारचा तुमचा अख्खा दिवस गेला. जोड उलटे बसवले होते ते तुम्ही बोट लावून दाखवलं, वरच्या पाइपाचं निमुळतं तोंड खालच्या पाइपात जायला पाहिजे, म्हणजे आतला डांबरासारखा चिकट रस आतल्या आतच खाली उतरतो. आमच्याकडे तो भिंतीवर ओघळला होता, तपकिरी रेघ अजून आहे. छत पत्र्याचं, खाली लोखंडी अँगल, लाकूड कुठेच नाही हे पाहूनच पाइप सरळ वर नेला, बाबांचं सागवानी कपाट पाइपापासून दीड फुटाच्या पलीकडे सरकवलं, प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. वर 3 फूट काढून थांबता आलं असतं, पण 10 फुटांच्या आत जे असेल त्याच्यापेक्षा 2 फूट उंच पाहिजे म्हणे, नाहीतर वारा धूर खाली दाबतो, आणि आमची पाण्याची टाकी आडवी येत होती, म्हणून दुकान उघडून अजून एक तुकडा आणला.

आग पेटल्यावर तुम्ही अगरबत्ती बुखारीच्या दाराशी धरली. धुराची रेघ वाकून सरळ आत गेली. बाबा काही बोलले नाही, फक्त खुर्ची जवळ ओढून बसले. त्यांना असं बसलेलं मी किती वर्षांनी पाह्यलं.

बाभळीचं ओलं लाकूड आता घेत नाही, मागच्या वर्षीचं वाळलेलंच. खिडकी दोन बोटं उघडी असते, बाबा कुरकुरतात तरी.

पाइपाचे पैसे घेतले पण मजुरी नाही घेतली तुम्ही. फेब्रुवारीत पाइप उतरवून झाडायचा आहे म्हणाले होते, तेव्हा वहिनींना घेऊनच या, बाजारात सांबार (कोथिंबीर) भरपूर आहे, सांबारवडी करते.