पट्टीवर खरेदीदाराचे नाव का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आली की तासगाव आणि सांगलीत बेदाण्याचे सौदे थांबतात आणि ‘झिरो पेमेंट’च्या बातम्या छापून येतात. अडते (शेतकऱ्याचा माल विकून देणारे दलाल) आणि व्यापारी एकमेकांची येणी-देणी शून्यावर आणतात, मगच सौदे पुन्हा सुरू होतात. आपापसात इतके काटेकोर असलेल्या या बाजारात मला मिळालेल्या पट्ट्यांवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांवर, माझा माल कोणी घेतला, एवढेही लिहिलेले नसते.

अडत्या हा मालाचा मालक नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तो शेतकऱ्याचा प्रतिनिधी आहे. कायदा त्याच्यावर उठलेला आहे असेही नाही. विक्रीच्या आलेल्या पैशातून आपली अडत, केलेला खर्च आणि त्या व्यवहारासाठी दिलेली उचल तो कलम २१७ प्रमाणे कापून घेऊ शकतो. त्या मालावरचे त्याचे येणे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क कलम २२१ देते. आमच्यातलेही काही जण एकाकडून उचल घेतात आणि माल दुसऱ्याच अडत्याकडे नेऊन टाकतात, तेव्हा हा हक्क असायलाच हवा. पण कपात करून उरलेली रक्कम देणे आणि मागितल्यावर हिशेब दाखवणे (कलम २१८ आणि २१३) ही काही मेहेरबानी नाही. ज्या कामात अडत्याने गैरवर्तन केले, त्या कामापुरती त्याला अडतही मागता येत नाही, असे कलम २२० सांगते. सौद्यात हे कलम कोणाच्या तोंडी मी अजून ऐकलेले नाही.

सौद्यात बॉक्स फोडून बेदाणा उधळला जातो, वजनात तूट धरली जाते, यावर दरवर्षी आरडाओरडा होतो, कारण ते डोळ्यांना दिसते. माल अडत्यानेच घरच्या दुसऱ्या फर्मच्या नावावर घेतला, तर ते कसे दिसणार? फर्म नावाला भावाची, गल्ला मात्र एकच. एका गाळ्यावर दोन पाट्या असल्या म्हणून लगेच लबाडी झाली, असे मी म्हणणार नाही. पण माझा माल स्वतःच घ्यायचा असेल, तर आधी मला सगळे सांगून माझी संमती घ्यायला हवी. महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा सौद्यात माझे नुकसान झाले, तर तो सौदा नाकारण्याचा हक्क कलम २१५ मला देते. कलम २१६ तर म्हणते, की मालकाला अंधारात ठेवून अडत्याने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यात त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो. हा हक्क वापरायचा तर खरेदीदार कोण, हे आधी कळले पाहिजे. आणि विचारायला जावे, तर द्राक्षबागेच्या छाटणीच्या औषधांसाठी पुन्हा त्याच गाळ्यावरून उचल घ्यायची असते.

बाजार समितीने म्हणूनच पट्टीचा नमुना बदलावा. खरेदीदाराचे नाव आणि परवाना क्रमांक, बॉक्स, वजन, भाव, तूट छापावी. हमाली, तोलाई, कोल्ड स्टोरेजचे भाडे ‘इतर खर्च’ म्हणून एका रकान्यात न कोंबता वेगवेगळे दाखवावे. सेस, म्हणजे बाजार समितीचे शुल्क, खरेदीदाराकडून घेतला जातो, म्हणजे समितीच्या दप्तरी त्याचे नाव असतेच. मग ते शेतकऱ्यापासूनच झाकायचे कशाला?

शेतकऱ्यांनीही तोंडी कारभार सोडावा. अमुक भावाखाली माल सोडू नका, असे सांगायचे तर व्हॉट्सॲपवर लिहून सांगावे. मालकाची सूचना मोडल्याने नुकसान झाले, तर कलम २११ प्रमाणे ते अडत्याने भरून द्यायचे असते. पण सूचना दिली होती हे दाखवता आले पाहिजे. हिशेबही लेखीच मागावा. हिशेबाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. व्यवहार चालू असताना हिशेब मागितला आणि नाकारला गेला, तर ती नकारापासून मोजतात. मागितलाच नसेल, तर अडत्याशी असलेला व्यवहार संपल्यापासून. ‘पुढच्या सौद्याला बघू’ यावर विसंबून राहणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

नव्या हंगामाचा बेदाणा शेडवरून बाजारात यायला अजून अवकाश आहे. तोवर नवी पट्टीपुस्तके छापून होऊ शकतात.

आपला,
एक बेदाणा उत्पादक
ता. तासगाव, जि. सांगली