आजीला सावकाश वाचून दाखवा

विनिपेग,
11 जानेवारी 2026

ती. दादा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी इकडं मजेत आहे. तब्येत चांगली, जेवण वेळेवर, खोली गरम. बाहेर किती थंडी आहे ते सोनीनं मोबाइलवर बघून आईला सांगत बसू नये, कारण मी बाहेर फार नसतोच. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि आजीला काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

येळवसच्या सणाचे फोटो पाहिले. आंबिलाचा माठ, भज्जी, उंडे, सगळं दिसलं. ऑफिसात डबा उघडून बसलो होतो, मग डबा तसाच राहिला. ते असो.

आता भावकीतल्या चर्चेचं. बाळू कॅनडात झाडू मारतो असं गावभर झालंय म्हणे. दादा, नोकरी अकाउंटचीच आहे, सुटलेली नाही. ज्या व्हिडिओवरून हे सुरू झालं तो खेळाचा आहे, कर्लिंग नावाचा. वीस किलोला जरासा कमी असा ग्रॅनाइटचा दगड बर्फाच्या लांबलचक पट्टीवरून सोडायचा, तो पार पलीकडच्या वर्तुळात मधोमध जाऊन थांबला पाहिजे. एकदा सुटला की त्याला कुणी हात लावायचा नाही. दोघांनी ब्रश घेऊन त्याच्यापुढचा बर्फ घासायचा, म्हणजे दगड लांब जातो आणि कमी वळतो. चौघांच्या संघात मी पहिला. सुरुवातीचे दोन दगड माझे, पुढच्या सहांना घासणं. समोरून कप्तान ओरडला की छाती फुटेस्तोवर घासायचं. उत्तमकाकांना म्हणावं, नुसती वीस सेकंद तसं घासून दाखवा, मग बोला.

‘यात पुढं काय’ असं दादांनी विचारलं होतं. पैशाच्या हिशेबानं म्हणाल तर फार काही नाही, हे आधीच सांगतो. इथले मोठे खेळाडूही बहुतेक नोकरी सांभाळून खेळतात. याच विनिपेगची जेनिफर जोन्स वकील. 2014 ला सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न हरता तिच्या संघानं सुवर्णपदक नेलं. आम्ही कुठं आणि ती कुठं, पण यंदा आमचा संघ आसपासच्या गावांतल्या स्पर्धा खेळतोय आणि एक-दोन ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. वयाचीही काळजी नको. रस हॉवर्ड नावाच्या माणसानं 2006 ला पन्नासाव्या वर्षी ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकलं. (आई, मी लग्नाचं बोलत नाहीये.)

दादा, एक गोष्ट तुम्हाला बघायला आवडली असती. नुसत्या गुळगुळीत बर्फावर हा दगड नीट चालत नाही. म्हणून सामन्याआधी बर्फावर गरम पाण्याचे थेंब शिंपडतात. ते गोठून बारीक दाणे होतात आणि त्यांच्यावरून दगड सरकतो. शिंपडणाऱ्याच्या पाठीवर टाकी, हातात नळी, अगदी आपला फवारणीचा पंप. फक्त चालायचं उलटं, आणि हात एका लयीत डावीकडं-उजवीकडं. जरा थांबला की तिथं पाणी साचून टेंगूळ येतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात, काल कोण होतं. काही संध्याकाळी हे काम मी करतो, त्या बदल्यात सरावाला बर्फ फुकट मिळतो. तुम्ही मला कधी पंप पाठीला लावू दिला नाही, ‘तू अभ्यास कर’ म्हणायचात. यात औषध नसतं, निव्वळ पाणी असतं.

आई, फोटोत पुढ्यात ग्लास दिसतात त्याचं. नीट समजावून सांगतो, म्हणजे पुन्हा विषय नको. इथं सामना संपला की दोन्ही संघांनी एकमेकांशी हात मिळवायचे आणि एकाच टेबलावर बसायचं. हे ऐच्छिक नाही. उठून गेलात तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात. पहिली फेरी जिंकणाऱ्यांनी पाजायची. हो, जिंकणाऱ्यांनी! हरलेला आधीच हरलाय, त्याला वर भुर्दंड कशाला, असा त्यांचा हिशेब. मग दुसरी फेरी बहुधा हरलेले पाजतात. त्यात सामन्याचं बोलणं थोडं, बाकी गाडीचं, पोराबाळांचं, बर्फाचं. आपल्याकडं ग्रामपंचायत हरलेला माणूस जिंकलेल्याच्या दारचं पाणी पाच वर्षं पीत नाही, म्हणून मला पहिल्यांदा हे खोटं वाटलं. चूक झाली तर पंचाची वाट न बघता आपणच सांगायचं, हा आणखी एक प्रकार. कुणाचा ब्रश चालत्या दगडाला लागला की तो स्वतःच सांगतो. तर माझ्या ग्लासात गरम चॉकलेट असतं. सोनीला फोटो मोठा करून बघायला सांग, वर फेस दिसेल.

पडण्याची भीती नको. एका बुटाचा तळ मुद्दाम घसरता असतो, दुसऱ्याचा पकड धरणारा. सवय झाली आहे. दगड क्लबचे असतात, विकत घ्यावे लागत नाहीत. माझा खर्च म्हणजे बूट, ब्रश आणि स्पर्धांच्या फीचा चौथा हिस्सा.

सोनीच्या साखरपुड्याला यायचं मात्र जमेल असं वाटत नाही. स्पर्धा शुक्रवारीच सुरू होतात, त्यात रजा थोडी थोडी गेली, आणि फेब्रुवारीत तिकीटही महाग. सोनीला मी वेगळं लिहीन, तुम्ही तिच्याकडं विषय काढू नका. लग्नाला मे महिन्यात नक्की येतो, तोवर इकडचा हंगामही संपतो. पाहुण्यांना सांगा, मुलीचा भाऊ तिकीट काढून बसलाय. काढतोच.

एक लाख आज पाठवले. त्यातून मंगल कार्यालयाचा विसार द्या. सोन्याचं मार्चपर्यंत थांबा, भाव बघून मला झोप येत नाही. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं त्याचं अनुदान आलं की नाही ते दादा सांगतच नाहीत. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, एकही चुकलेला नाही. पैसे कमी पडले तर मला सांगा, बैलजोडीचं कुणाशी बोलू नका.

लातूरच्या स्थळाला अकाउंटची नोकरी तेवढी सांगा. खेळाचं मुलीशी मी स्वतः बोलेन, ते लपवायचं नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. : पैसे दादांच्या खात्यावर टाकलेत. आईच्या खात्याचं केवायसी अजून राहिलंय, सोमवारी औशाला जाऊन करून घ्या, आधारची झेरॉक्स न्यायला विसरू नका.