चित्राचा भाव

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "अण्णा, कुणी महाग म्हटलं की मी लगेच निम्म्यावर येते." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. देवगिरीचं ते पाव शीटचं चित्र तू आठशेला दिलंस. त्याच्या पायऱ्यांवरची सावली धरायला तू किती सकाळी घालवल्यास, ते मी पाहिलंय लेकरा.

हिशेब मांडून बघ. 11 बाय 15 इंच म्हणजे 165 चौरस इंच. चौरस इंचाला 15 रुपये धरले तर 2,475, वर फ्रेमचे 700. म्हणजे 3,175. इंचाचा दर काय ठेवायचा ते तू ठरव, पण एकदा ठरला की सगळ्या चित्रांना तोच. मग कुणी "एवढे कशाचे?" विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असतं. उत्तर नसलं की माणूस घाबरून भाव पाडतो. मी पाडलेत. दुपारपर्यंत भवानी झाली नाही की शेजारच्या खेळणीवाल्याची गर्दी बघून पोटात कालवायचं, आणि पहिल्याच माणसाला मी रंगाच्या किमतीत चित्र देऊन टाकायचो. त्याच माणसानं पुढच्या वर्षी येऊन आणखी कमी मागितलं.

भाव पाडू नकोस, लहान चित्र काढ.

हे मला पैठणला कळलं, नाथषष्ठीच्या यात्रेत. मी मोठ्या फ्रेमा मांडून बसलो होतो. लोक थांबायचे, घाट ओळखायचे, गोदावरी बघून हात जोडायचे आणि पुढं जायचे. मला वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "बाबा, डोक्यावर गाठोडंय, पायी आले, हे काचेचं कुठं धरू?" तिला चित्र आवडलं होतं, ते न्यायला जागा नव्हती. त्या रात्री कंदिलाजवळ बसून मी तळहाताएवढी वीस चित्रं केली, पुठ्ठा लावून, बिनफ्रेमची. दुपारच्या आत सगळी संपली. त्यातलं एक म्हातारीनं नेलं, लुगड्याच्या घडीत ठेवून.

वेरूळला वेगळं. तिथं लोक बसनं येतात, म्हणून सपाट पिशवीत मावेल असं ठेव. मंगळवारी लेणी बंद असतात, घृष्णेश्वराला येणारे तेवढेच. त्या दिवशी मांडू नकोस, घरी काम कर.

आता वाऱ्याचं. 2014 च्या मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा मी लातूरला मैदानात होतो. आभाळ काळं झालं तरी मी "आत्ता उघडेल" म्हणत बसलो. वारा आला आणि कनात जाळीसकट उडाली. काचा फुटल्या, खालच्या जलरंगांचा चिखल झाला. अकरा चित्रं गेली. तू तेव्हा लहान होतीस, मी घरी फक्त पाऊस झाला एवढंच सांगितलं. तर, चारी खांबांना पाण्याचे 20 लिटरचे जार बांध. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट लाव. आणि सगळी चित्रं एका ठिकाणी कधीच नेऊ नकोस. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकारानं 1844 मध्ये सुरुवात केली, वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात राबला, आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात तिथं मांडलेल्या बहुतेक नकला जळाल्या. निम्मी घरी ठेव. विकलेल्या प्रत्येकाचा फोटो काढ, मागं तारीख लिही.

अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग वापरलेली चित्रं उन्हाकडे तोंड करून टांगू नकोस, तो रंग उडतो. गिऱ्हाइकालाही सांग. एखादं चित्र त्यानं परत ठेवलं तरी सांग.

आईनं सुतळीचा गुंडा आणि धपाटे दिलेत. रविवारी दुपारी मी येतो. मांडणीला हात लावणार नाही, तू जेवून येईपर्यंत स्टॉलवर बसेन. तेवढे सगळ्यांचे भाव पुठ्ठ्यावर लिहून ठेव, म्हणजे मला तुझेच सांगता येतील.

तुझा,
अण्णा