जनुकीय बदल केलेल्या अन्नाविषयी मुलीस पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम, अन्न खावे की टाळावे, असे तू विचारले आहेस. आता आपले जेवण तूच ठरवतेस, तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ असे सांगून मोकळे होण्यापेक्षा मी स्वतः हा विचार कसा करते ते लिहिते. ‘जीएम’ हे पिकाचा वाण तयार करण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे, आणि पद्धतीवरून पदार्थ चांगला की वाईट हे कळत नाही. कोणते जनुक, कोणत्या पिकात, कशासाठी घातले आणि त्यातले काय आपल्या ताटापर्यंत येते, हे दर वेळी वेगळे पाहावे लागते.

बीटी मक्याचे पाहा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जीवाणू जे प्रथिन बनवतो, त्याचे जनुक या मक्यात घातलेले असते. ठरावीक अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात ते प्रथिन विरघळते, तिथल्या पेशींवरील विशिष्ट रेणूंना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पडून अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि ते विशिष्ट रेणू आपल्या आतड्यात नसतात, म्हणून जे अळीला मारते ते आपल्यालाही मारेल हा तर्क टिकत नाही. हवाईमध्ये १९९८ पासून लावलेल्या पपईत तर पपईवर रोग आणणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूच्याच जनुकाचा अंश आहे, आणि त्यामुळे झाडाला त्या रोगाचा प्रतिकार करता येतो. ऐकायला हे भयंकर वाटते, परंतु त्याआधी रोगट पपया खाणाऱ्यांच्या पोटात तो विषाणू अख्खाच जात होता.

तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनच्या बाबतीत मला घातलेल्या जनुकापेक्षा शेतात फवारलेल्या रसायनाचा प्रश्न मोठा वाटतो. ग्लायफोसेट या तणनाशकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले, तर त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने कर्करोगाचा धोका संभवत नाही असा निष्कर्ष काढला. पहिली संस्था एखाद्या पदार्थात अपाय करण्याची क्षमता आहे का एवढेच तपासते आणि दुसरी तो शरीरात किती प्रमाणात जातो हेही धरते, हे ठाऊक नसले की माणूस गोंधळतो. शिवाय जीएम नसलेल्या पिकांवरही तणनाशके फवारली जातात.

खरी सावधगिरी हवी ती अ‍ॅलर्जीबाबत. नव्वदच्या दशकात सोयाबीनमधील मेथिओनीन हा प्रथिनातला पोषक घटक वाढावा म्हणून त्यात ब्राझील नटचे जनुक घातले गेले. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तद्रवावर चाचणी केली, तेव्हा अ‍ॅलर्जी आणणारे प्रथिनच सोयाबीनमध्ये उतरल्याचे दिसले आणि ते वाण बाजारात आलेच नाही. धोका काल्पनिक नव्हता आणि चाचणीने तो वेळीच पकडला, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. पण चाचणीनंतरची व्यवस्थाही नीट हवी. स्टारलिंक या जीएम मक्यातले प्रथिन सावकाश पचते, म्हणजे अ‍ॅलर्जी आणण्याची शक्यता असते, म्हणून अमेरिकेत तो फक्त पशुखाद्यासाठी मंजूर होता, तरीही २००० साली तो माणसांच्या खाद्यपदार्थांत सापडला आणि ते पदार्थ परत मागवावे लागले.

जीएम मका खाऊन गाठी आल्या असे सांगत दाखवलेली उंदरांची छायाचित्रे तुझ्याही पाहण्यात येतील. २०१२ चा तो शोधनिबंध नियतकालिकाने पुढच्याच वर्षी मागे घेतला, कारण प्रत्येक गटात उंदीर थोडे होते आणि त्या जातीच्या उंदरांना वयोमानानुसार एरवीही गाठी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बाजारातील जीएम पिकांपासून आरोग्याला इतर पिकांपेक्षा अधिक धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच अहवालात तणनाशकाला न जुमानणारी तणे ही शेतीपुढची मोठी अडचण असल्याचेही नोंदवले आहे.

वेष्टनावरील मजकूरही समजून वाच. अतिशुद्ध तेलात आणि साखरेत पिकाचे जनुक वा प्रथिन जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे जीएम बीटची साखर आणि साध्या बीटची साखर यांत खाणाऱ्याच्या दृष्टीने फरक नसतो. असे तेल जीएम पिकाचे असेल तर युरोपीय संघात तसे लिहावे लागते, अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या नियमात मात्र बदललेला जनुकीय अंश सापडत नसेल तर ते बंधन नव्हते. मिठावर ‘जीएमविरहित’ असे छापलेले दिसले तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस, कारण मिठात जनुके नसतातच.

बियाण्यांवरील पेटंट किंवा मैलोन्‌मैल एकच पीक लावण्याची पद्धत तुला पटत नसेल आणि म्हणून तू हे अन्न टाळलेस, तर माझी हरकत नाही. मात्र त्या वेळी कारण तेच सांग, त्याला आजाराची भीती जोडू नकोस. आणि तुझ्याबरोबर राहणाऱ्यांपैकी कोणाला सोयाबीनची अ‍ॅलर्जी असेल, तर ते जीएम असो वा नसो, घटकांची यादी शेवटपर्यंत वाचूनच पदार्थ घरात आण.

तुझी,
आई